पलुस्करांच्या दोन चाली

१९०६ सालच्या दसऱ्याला नाशिकची माणसे कालिकेच्या देवळाकडून सीमोल्लंघन करून परतत होती. तरुणांच्या एका घोळक्यातून ‘वंदे मातरम्’चा घोष उठला, पोलिसाने हटकले, झटापट झाली आणि बाबाराव सावरकर व त्यांच्या साथीदारांवर खटला उभा राहिला. नाशिकमध्ये तो ‘वंदे मातरम् खटला’ म्हणूनच ओळखला जातो. त्या दिवशी ते दोन शब्द कोणी गायले नव्हते, नुसते ओरडून म्हटले होते. सरकारला तेवढेही पुरले.

नाशिकला गाण्याची धग पुढेही लागत राहिली. गोविंद त्र्यंबक दरेकर हे पायांनी अधू असलेले कवी ‘गोविंद’ या नावाने लिहीत आणि त्यांचे पोवाडे व पदे सावरकर बंधूंच्या ‘मित्रमेळा’ संघटनेतली पोरे उत्सवांत, मेळ्यांत गात. ही पदे छापून प्रसिद्ध केल्याबद्दल जून १९०९ मध्ये बाबारावांना जन्मठेप, काळे पाणी झाले. त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद थिएटरात किर्लोस्कर मंडळींचा ‘शारदा’चा प्रयोग होता. नाटकाला आलेले कलेक्टर जॅक्सन अनंत कान्हेरे याच्या गोळ्यांना बळी पडले. पुढची कितीतरी वर्षे पोलिसांचा डोळा या गावावर राहिला. चार माणसे एकत्र येऊन काही गाऊ लागली की कोणीतरी कान टवकारणार, हे ठरलेले.

१९२२ साली याच नाशिकच्या पंचवटीत एका गवयाने आश्रम काढला आणि त्याला नाव दिले ‘रामनाम आधार आश्रम’. हे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. वय पन्नाशीचे. देशभर नाव झालेले, डोक्यावर कर्ज, दृष्टी लहानपणापासूनच अधू. त्यांच्या चरित्रांत नाशिकचा हा काळ बहुधा शेवटच्या चार-दोन पानांत उरकलेला असतो: मुंबईची संस्था कर्जापायी हातची गेली, मन विरक्त झाले, गोदाकाठी रामनाम घेत बसले. ही मांडणी मला पटत नाही. संगीतरचनाकार म्हणून पलुस्करांनी आयुष्यभर जो प्रश्न हाताळला, त्याचे उत्तर नाशिकच्या या वर्षांत दिसते. प्रश्न असा, की कविता गवयाने गायची की लोकांनी?

या प्रश्नाचे मूळ त्यांच्या घरात होते. १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडला त्यांचा जन्म झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार. कीर्तनात गाणे असते, पण मैफलीसारखे नव्हे. बुवा आख्यान रंगवतात, मध्येच ठेका धरून नामघोष सुरू करतात आणि समोरची मंडळी टाळ्या धरून तो उचलतात. विष्णूला घरातच हे गाणे मिळाले. पुढे उत्सवातल्या दारूकामाचा स्फोट होऊन डोळ्यांना इजा झाली, उपचारासाठी मिरजेला नेले आणि शाळा सुटली. गाणे शिकवा, असा सल्ला तिथे मिळाला. मिरजेचे संस्थानिक आश्रयदाते झाले आणि गुरू मिळाले बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. हस्सूखाँ-हद्दूखाँची ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवली ती याच बुवांनी. नुकत्याच कीर्तनातून उठून आलेल्या मुलाच्या गळ्यात नऊ-दहा वर्षे ख्याल, टप्पा, तराणा उतरत राहिला.

१८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. कारण सांगतात ते असे: दरबारच्या एका समारंभाचे आमंत्रण शिष्याला होते, गुरूला नव्हते, कारण गुरू ‘नुसते गवई’. हा प्रसंग असाच घडला की पुढे रंगवला गेला, कोण जाणे, पण त्यानंतर पलुस्करांनी जे केले त्याच्याशी तो जुळतो. बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असे करत ते पंजाबात पोचले. वाटेत सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. राजाच्या मर्जीवर गाणारा गवई आता तिकिटावर कोणाहीपुढे गाऊ लागला, हा त्या काळी मोठाच पालट. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उभे राहिले, १९०८ मध्ये मुंबईला शाखा निघाली. वर्ग, फळा, परीक्षा, स्वरलिपीची छापील पुस्तके, पदवी हे सारे गाण्याच्या विद्येत आले ते मोठ्या प्रमाणात या माणसामुळे. ख्यालातले शृंगाराचे शब्द काढून तिथे भक्तीचे शब्द बसवण्याचा सपाटाही त्यांचाच. त्यामुळे मध्यमवर्गीय घरांतल्या मुली-बाळी गाणे शिकू लागल्या, आणि ज्या गाणाऱ्या स्त्रियांनी व खाँसाहेबांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्यांना नव्या वर्गांत जागा फारशी उरली नाही. ही दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पलुस्करांचे मोठेपण सांगणे अपुरे होईल.

काँग्रेसच्या व्यासपीठावरून पलुस्कर गाऊ लागले ते मुंबईच्या दिवसांत. तिथे ते ‘वंदे मातरम्’ गात.

बंकिमचंद्रांची ही कविता १८७०च्या दशकातली, ‘आनंदमठ’ कादंबरीत ती १८८२ मध्ये पुस्तकरूपाने आली. कादंबरीत तिच्यावर राग-ताल छापलेला आहे: मल्हार, कव्वाली. म्हणजे कवीच्या डोळ्यांपुढे ती पहिल्यापासून गाण्याचीच चीज होती. बंकिमबाबूंच्या हयातीतच जदुनाथ भट्टाचार्य यांनी तिला चाल दिली. १८९६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये रवींद्रनाथांनी ती आपल्या चालीत गायली. देस रागाच्या अंगाने जाणारी ही चाल बंगालात घरोघर गेली. १९०५ साली बनारसच्या अधिवेशनात सरलादेवी चौधुराणींनी ती गायली तेव्हा मूळ कवितेतले सात कोटी कंठ तीस कोटी झाले. बंकिमबाबूंनी बंगालची लोकसंख्या धरली होती, काँग्रेसला साऱ्या देशाची हवी होती.

चाल लावणाऱ्याच्या दृष्टीने ही कविता अवघड आहे. पहिली कडवी जवळजवळ संपूर्ण संस्कृत, लांब समासांची, पाणी, फळे, वारा, शेते, चांदणे यांची चित्रे एकापुढे एक ठेवणारी. मग मध्येच भाषा बंगालीकडे वळते, प्रश्न विचारू लागते. पुढे माता दुर्गा होते, लक्ष्मी होते, सरस्वती होते. सुरुवातीला शांत असलेले शब्द मध्यावर गर्जना करतात आणि शेवटी पुन्हा पायाशी येऊन बसतात. एकाच अस्ताईवर सगळी कडवी हाकली तर गर्जनाही चांदण्यासारखी मऊ होते. प्रत्येक कडव्याला वेगळा राग दिला तर गाणे कसब दाखवण्याची जागा होऊन बसते. त्यात जोडाक्षरे. ‘सात’च्या जागी ‘तीस’ आले की मात्रा बदलतात आणि बसवलेला ठेका लंगडतो.

पलुस्करांनी काफी निवडला. गंधार आणि निषाद कोमल, बाकी सूर शुद्ध, आरोह-अवरोहात कसलाही आडपडदा नाही. काफी म्हणजे होरी, ठुमरी, टप्पा. ग्वाल्हेरच्या गवयाच्या तोंडी तो टप्प्यामुळे सतत असतो. नाटकाला जाणाऱ्या मराठी माणसाच्या कानाला तो अनोळखी नाही, उत्तरेत फाग गाणाऱ्या खेडुतालाही नाही. दरबारी किंवा मालकंस निवडला असता तर भारदस्तपणा आयता मिळाला असता. पलुस्करांचा आवाज पल्लेदार होता, मांडवभर घुमणारा, आणि तो काळ ध्वनिक्षेपकाच्या आधीचा. तरी त्यांनी सगळ्यांच्या घरातला राग घेतला. यात मला त्यांच्यातला कीर्तनकाराचा मुलगा दिसतो. ऐकणाऱ्याला सूर आधीच थोडेसे ठाऊक असले पाहिजेत, म्हणजे शब्द परके असले तरी माणूस त्यांच्या मागे जातो. पंजाबी, तेलुगू, मराठी प्रतिनिधींपुढे संस्कृत-बंगाली कविता ठेवायची होती. त्यांची एक सामाईक भाषा काफी होती.

तरीही ही गवयाचीच चाल होती. ती पेलायला तयार गळा लागे. पलुस्कर ती गात तेव्हा हजारो माणसे ऐकत, पण त्यांच्यासोबत गात नसत. कविता लोकांची आणि सूर एका माणसाचा, अशी ती वाटणी होती. आणि एका माणसाचा सूर म्हटला की त्याला अडवता येते.

ते घडले डिसेंबर १९२३ मध्ये, आंध्रच्या किनाऱ्यावर काकीनाडा इथल्या काँग्रेस अधिवेशनात. अध्यक्ष होते मौलाना महंमद अली. पलुस्कर ‘वंदे मातरम्’साठी उभे राहिले तेव्हा मौलानांनी हरकत घेतली, संगीत इस्लामला निषिद्ध आहे म्हणून. पलुस्करांनी जागेवरच उत्तर दिले. हे राष्ट्रीय व्यासपीठ आहे, एका धर्माची मशीद नव्हे, अशा अर्थाचे ते बोलले, अध्यक्षांच्या मिरवणुकीतल्या वाद्यांची आठवण त्यांनी करून दिली असेही सांगतात, आणि पुढे संबंध गीत गाऊनच ते खाली बसले.

या प्रसंगावर आज जेवढे बोलले जाते त्यात एक गोष्ट हटकून निसटते. मौलानांचा आक्षेप गाण्यावर होता, कवितेवर नव्हता. कवितेतल्या देवीरूपाबद्दलचा वाद काँग्रेसपुढे ऐरणीवर आला तो नंतर, १९३०च्या दशकात. ऑक्टोबर १९३७ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने रवींद्रनाथांचे मत घेऊन पहिली दोनच कडवी गाण्याचे ठरवले, तेव्हा पलुस्करांना जाऊन सहा वर्षे झाली होती. १९२३ चा काळ वेगळा होता. खिलाफत आणि असहकार यांनी बांधलेली मोट सुटू लागली होती, मशिदीवरून वाजतगाजत जाणाऱ्या मिरवणुकांवरून गावोगाव तंटे होत होते, आणि तिकडे तुर्कस्तानात खिलाफतच शेवटचे दिवस मोजत होती. मार्च १९२४ मध्ये ती संपली. खिलाफतीसाठी तुरुंगात जाऊन आलेल्या मौलानांची त्या मांडवात काय अवस्था असेल, याचाही विचार व्हायला हवा. पलुस्करांच्या बाजूने पाहावे तर त्यांच्या गळ्यातला सूर हस्सूखाँ-हद्दूखाँच्या परंपरेतून आलेला होता आणि संगीत धर्माला वर्ज्य आहे असे त्यांना सांगितले जात होते.

काकीनाड्याला उभे राहिलेले पलुस्कर तेव्हा नाशिकचा आश्रम काढून बसलेले पलुस्कर होते, हे तारखांकडे पाहिले की लक्षात येते. एका हातात रामनाम, दुसऱ्या हातात मातेचे गीत, आणि दोन्हींत विरोध आहे असे त्यांना कधी वाटलेले दिसत नाही. त्यांना विरक्त झालेले म्हणायचे तर ती विरक्ती भलतीच खणखणीत होती.

मुंबईची सँडहर्स्ट रोडवरची संस्थेची इमारत कर्जापायी लिलावात गेली. देणगी, तिकिटे, दौरे यांवर चालणाऱ्या संस्थेने एवढे बांधकाम अंगावर घेतले, ते झेपले नाही. पलुस्करांना पैशाचे गणित कधीच जमले नाही असे म्हणतात. मला वाटते, गणित जमत असते तर लाहोरला शाळाच निघाली नसती. मुंबई सुटत गेली तसे पंचवटीत पलुस्करांचे आयुष्य आखडत नि घट्ट होत गेले. रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, तपोवन अशी रामाच्या नावाची वस्ती आजूबाजूला. तुलसीदासांच्या रामचरितमानसावर प्रवचन, भजन, नामस्मरण, आणि सोबत राहिलेल्या शिष्यांची तालीम हा दिवसाचा क्रम. मिरजेचा ख्याल मागे पडला नाही, पण त्याच्या पुढे कीर्तन येऊन बसले. वडिलांचे कीर्तन.

‘रघुपति राघव’ ही रामधून आज ज्या चालीत गायली जाते ती पलुस्करांची मानली जाते. देशातल्या शेंबड्या पोरालाही ती येते, आणि चाल कोणाची असे विचारले तर शास्त्रीय संगीत ऐकणारेही बहुधा गोंधळतात. जाणकार तिच्यात मिश्र गारा पाहतात. रागाचे नाव सांगितले काय, न सांगितले काय, गाणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. काफीतल्या ‘वंदे मातरम्’शेजारी ही धून ठेवून पाहिली की एकाच माणसाने किती उलट्या टोकाचे काम केले ते कळते. पल्ला लहान, कोणाही बाईमाणसाला, मुलाला, म्हाताऱ्याला पोचेल असा. ठेका केरव्याचा, म्हणजे चालता चालता पाय धरतो तो. ओळी छोट्या आणि परत परत येणाऱ्या. एकाने म्हणायची आणि बाकीच्यांनी उचलायची. ताना नाहीत, पण घ्यायच्या ठरवल्या तर गवयाला मज्जाव नाही. पाठांतराची गरज नाही, दोन आवर्तनांत ती येते. मुखडा चुकला तरी पुढच्या फेरीत सापडतो. बेसूर गाणाऱ्याला ही चाल बाहेर काढत नाही, त्याच्या भोवतीचे शंभर आवाज त्याला सांभाळून घेतात.

हे सोपे काम नव्हे. दहा वर्षे ग्वाल्हेरची तालीम घेतलेल्या माणसाच्या हाताला अवघड जागा आपोआप सुचतात. त्या सगळ्या टाळायच्या, आणि तरी हजाराव्या वेळीही कंटाळा येणार नाही अशी ओळ बांधायची, याला फार मोठा संयम लागतो. गोविंद कवींची पदे नाशिकच्या पोरांनी गायली ती पोवाड्याच्या, लोकांच्या तोंडी आधीच असलेल्या चालींवर. पलुस्करांनी उलट दिशेने तेच साधले. त्यांनी बांधलेली नवी चाल लोकांना जुनी वाटली.

ती देशभर नेली त्यांच्या एका शिष्याने. नारायण मोरेश्वर खरे हे गांधर्व महाविद्यालयात तयार झालेले गायक, गांधीजींना आश्रमासाठी संगीतशिक्षक हवा होता तेव्हा पलुस्करांनी त्यांना पाठवले. साबरमतीची सकाळ-संध्याकाळची प्रार्थना खऱ्यांच्या हाती आली, ‘आश्रम भजनावली’ त्यांनी संपादित केली. १२ मार्च १९३० रोजी दांडीयात्रा निघाली तेव्हा यात्रेकरूंत खरे होते. २४१ मैलांची वाट, रोजचे मुक्काम, धूळ, आणि तोंडी भजने. काकीनाड्याला गाणारा एक जण होता, त्याला थांबवण्याचा प्रयत्न करता आला. दांडीच्या वाटेवर गाणारा कोण आणि ऐकणारा कोण हेच सांगता आले नसते. पुढे या धुनीत गांधीजींच्या प्रार्थनासभांतून ईश्वर आणि अल्ला ही दोन्ही नावे एका ओळीत आली. शब्द बदलले, चालीला काही झाले नाही. सातच्या जागी तीस कोटी बसवताना अडणारा ठेका आणि अल्लाचे नाव सहज सामावणारा ठेका, हा दोन चालींतला आणखी एक फरक.

त्याच मार्चमध्ये खुद्द पंचवटीत काय चालले होते तेही इथेच सांगायला हवे. दांडीयात्रेच्या दहा दिवस आधी, २ मार्च १९३० रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. रामाच्या दर्शनासाठी अस्पृश्य मानलेले हजारो स्त्री-पुरुष मंदिराकडे निघाले आणि दरवाजे बंद झाले. रामनवमीनंतरच्या रथाच्या दिवशी, ९ एप्रिलला, दगडफेक झाली, डोकी फुटली. तीन दिवसांपूर्वीच दांडीला मीठ उचलले गेले होते. रामाचे नाव कोणीही घ्यावे अशी धून देशाच्या रस्त्यांवरून फिरत होती, आणि रामनाम आधार आश्रम ज्या पंचवटीत, तिथल्या रामापुढे उभे राहण्याची सर्वांना मुभा नव्हती. सत्याग्रह पुढे पाच वर्षे रेंगाळला आणि दरवाजा उघडला नाही. १९३५ मध्ये, याच जिल्ह्यात, येवल्याच्या ज्या सभेने तो थांबवला त्याच सभेत बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही हे जाहीर केले. चाल सगळ्यांना आत घेऊ शकते, देऊळ ते करीलच असे नाही.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी पलुस्कर मिरजेला वारले, जिथे गाणे सुरू झाले होते त्याच गावी. त्याच वर्षीच्या अखेरीस शिष्य अहमदाबादला जमले आणि गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झाले. आज देशभर लाखो मुले ज्या परीक्षांना बसतात त्या या मंडळाच्या. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, ओंकारनाथ ठाकूर, बा. र. देवधर ही एकाच गुरूची मंडळी, आणि एकाचे गाणे दुसऱ्यासारखे नाही.

मागे राहिला दहा वर्षांचा मुलगा. दत्तात्रेय, बापूराव, जन्म २८ मे १९२१, नाशिकचा. आधीची भावंडे लहानपणीच गेली होती. त्याला पुढे विनायकराव आणि नारायणराव यांनी शिकवले. १९३५ मध्ये जालंधरच्या हरवल्लभ संमेलनात तो पहिल्यांदा गायला तेव्हा चौदाचा होता. बापूरावांचा आवाज वडिलांसारखा दणदणीत नव्हता. तो मऊ, नितळ, तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकडीत मावणारा होता. मीरा, तुलसीदास यांची पदे त्यांनी अशी गायली की ख्याल न ऐकणाऱ्या घरांतही त्यांच्या तबकड्या पोचल्या. रामधूनही त्यांनी ध्वनिमुद्रित केली. वडिलांची चाल माणसांच्या गर्दीतून फिरली होती, मुलाने ती ग्रामोफोनवर ठेवली. १९५२ च्या ‘बैजू बावरा’त अमीर खाँसाहेबांबरोबर त्यांची देसीतली जुगलबंदी आहे. चित्रपटात बैजू जिंकतो, कारण कथेत तसे लिहिले होते. ऐकताना कोण जिंकले असा प्रश्न पडत नाही. ऑक्टोबर १९५५ मध्ये मेंदूच्या तापाने बापूराव गेले. वय ३४. नाशिकने पंचवटीत इंद्रकुंडावरच्या सभागृहाला पलुस्करांचे नाव दिले आहे, तिथे गाण्याचे कार्यक्रम होतात, भाषणे होतात, शाळांची संमेलनेही होतात.

काफीतल्या मातेचे पुढे काय झाले? तिला पलुस्करांचे शिष्य ओंकारनाथ ठाकूर यांनी धरून ठेवले. १५ ऑगस्ट १९४७ च्या सकाळी आकाशवाणीवरून ‘वंदे मातरम्’ गाण्यासाठी त्यांना बोलावणे आले, सरदार पटेलांच्या इच्छेने. आपण गाऊ तर सबंध कविता गाऊ, कापलेली नाही, अशी अट ओंकारनाथांनी घातली. ती मान्य झाली आणि साडेसहाला ते उभे राहून गायले. ते ज्या रागात गायले त्याला ‘बंगीय काफी’ म्हणतात. गुरूने काकीनाड्याला शेवटपर्यंत गाण्याचा जो हट्ट धरला, तोच शिष्याच्या अटीत आहे, आणि राग तोच, त्याला ओंकारनाथांचे स्वतःचे वळण. त्यांचे ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळते. आवाज कधी कुजबुजतो, कधी गर्जतो. ओंकारनाथांना नाट्य फार प्रिय, काही ठिकाणी ते मला जास्त वाटते. पण कवितेतला चांदण्यापासून गर्जनेपर्यंतचा चढ त्यांच्याइतका कोणी दाखवलेला नाही.

त्याच सुमारास पुण्याचे मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर ‘वंदे मातरम्’ राष्ट्रगीत व्हावे म्हणून झटत होते. भास्करबुवा बखल्यांचे हे शिष्य. त्यांची चाल झिंझोटीत. पंडित नेहरूंचे म्हणणे होते की हे गीत वाद्यवृंदावर, बँडवर नीट बसत नाही. परदेशात कोणत्याही बँडने वाजवावे असे काही हवे. मास्तरांनी हा आक्षेप मनाला लावून घेतला, बँडवर वाजेल अशी संचलनाची चाल बांधली, ती वाजवून ध्वनिमुद्रित केली, घटना समितीच्या सदस्यांपुढे प्रात्यक्षिके केली. ख्याल-नाट्यसंगीताच्या माणसाने पितळी वाद्यांसाठी स्वरलेखन करत बसावे, यासाठी काय लागत असेल! दिल्लीचा निर्णय बदलला नाही.

२४ जानेवारी १९५० रोजी घटना समितीच्या शेवटच्या बैठकीत अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांनी निवेदन केले. ठराव मांडला गेला नाही, मतदान झाले नाही. ‘जन गण मन’ राष्ट्रगीत राहील असे सांगताना त्यांनी शब्द आणि संगीत दोन्ही मिळून जी रचना आहे ती, असे म्हटले. ‘वंदे मातरम्’ला स्वातंत्र्यलढ्यातल्या कामगिरीबद्दल समान मान दिला, पण तिथे उल्लेख फक्त गीताचा केला. त्यामुळे मल्हार, देस, झिंझोटी, काफी यांच्यातला निवाडा त्या दिवशी झालाच नाही. गाणाऱ्याने आपापली चाल घ्यावी, हे आपोआप ठरले. आणि रामधूनीचा प्रश्न तर त्या सभागृहापुढे कधी आलाच नव्हता.